कोल्हापुरी चप्पल: नाव गावाचं, हात कारागिराचे

कोल्हापुरी चप्पल, म्हणजे इथल्या तोंडी पायताण, ही हातानं शिवलेली चामड्याची चप्पल. बाभळीची साल नि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, तळाला म्हशीचं नाहीतर बैलाचं जाड, वरच्या वेणीला शेळीचं मऊ, आणि शिलाई पण चामड्याच्याच वादीनं, अस्सल चपलेत खिळा नसतो. नवीन असताना चावते, तेल पाजून आठ-दहा दिवस घातली की मग पायाला बसते. कापशी हा त्यातला नावाजलेला प्रकार, नाव कापशी गावावरून पडलंय.

चप्पल बनवतो मुख्यतः चर्मकार समाज, आणि चामडं कमावायचं काम परंपरेनं ढोर समाजाकडं. आता बघा, मरणाच्या वासात उभं राहून कातडं कमावणाऱ्याला गावानं शिवायचं नाही, विहिरीवर येऊ द्यायचं नाही, आणि त्याच्याच हातचं पायताण घालून लग्नात मिरवायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण मराठीत कशी आली असेल ते वेगळं सांगायला नको. शाहू महाराजांनी 1902 साली करवीर संस्थानात मागासलेल्यांसाठी 50 टक्के नोकऱ्या राखून ठेवल्या, त्या ह्याच व्यवस्थेला धक्का देणाऱ्या होत्या.

गरिबी इथं नुसती पैशाची नाही. कारागिराला मजुरी नगावर मिळते, वेणी विणायचं किचकट काम घरात बसून बहुतेक बायका करतात आणि त्यांचं नाव दुकानाच्या पाटीवर कधीच नसतं. पावसाळ्यात चामडं वाळत नाही, गिऱ्हाईक पण कमी, त्यामुळं ते महिने ओढाताणीचे. 2015 साली राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवर पण बंदी आली, चामडं मिळायला अवघड झालं आणि त्याचा भार लहान कारागिरावर पडला. रेक्झिनची स्वस्त नक्कल तर बाजारात आहेच.

2019 साली चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे 'कोल्हापुरी' हे नाव ठरलेल्या भागातल्याच मालाला लावायचं, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. म्हणजे 'कोल्हापुरी' म्हणून विकली जाणारी कितीतरी चप्पल अथणीकडं कानडी बोलणाऱ्या घरात तयार होते, हे आपल्याकडं लोकांना सांगितलं तर पटत नाही. जून 2025 मध्ये प्राडा ह्या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तसल्याच चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता, लोक भडकले तेव्हा कंपनीनं प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं मान्य केलं. राग रास्त होता, पण तेव्हा चिडलेल्या आपल्यातल्या किती जणांनी कारागिराशी घासाघीस न करता चप्पल घेतलीय?

बनारसच्या विणकरांचं, ढाक्याच्या जामदानी, म्हणजे नक्षीदार मलमल, विणणाऱ्यांचं पण असंच. जामदानीला 2013 साली युनेस्कोची मान्यता मिळाली, पण मागावर बसणाऱ्याची मजुरी तुटपुंजीच.

कोल्हापुरातल्या सुभाषनगरसारख्या कारागिरांच्या वस्तीत पुढची पिढी शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जाते. पगार ठरलेला असतो आणि कामाचा वास अंगाला येत नाही. संत रोहिदास जयंती मात्र दणक्यात करतात, बाबासाहेबांचा फोटो घरात असतो, म्हणजे धंदा सुटला तरी ओळख सुटत नाही. चामडं कापायची रापी आणि भोक पाडायची आरी मात्र आता म्हाताऱ्यांच्याच हातात जास्त दिसते.