दिवस भरले, कळा नाहीत: एका निर्णयामागची मोजणी

दिवस भरलेत, बाळ व्यवस्थित हलतंय, रक्तदाब ठीक आहे आणि कळांचा मात्र पत्ता नाही. तपासणीनंतर डॉक्टर सांगतात, ‘आणखी इतके दिवस थांबू, नाहीतर कळा आणू.’ घरी येईपर्यंत मनात एकच प्रश्न घोळत राहतो: हे ‘इतके दिवस’ ठरवले कोणी? याचं उत्तर शोधायला निघालं की औषधांचा आणि उपकरणांचा इतिहास चटकन हाती लागतो. पण निर्णय अवघड होतो तो औषधांमुळे नाही. तो अवघड होतो मोजणीमुळे. दिवस कुठून मोजायचे, धोका कसा मोजायचा, कोणाची तुलना कोणाशी करायची, या तिन्ही बाबतींत वैद्यकशास्त्राने दीर्घकाळ चुका केल्या आहेत.

सुरुवातीला तर तारखेचा संबंधच नव्हता. १७५६ च्या सुमारास लंडनमधले नामांकित प्रसूतितज्ज्ञ एका प्रश्नावर विचारविनिमयासाठी एकत्र आले होते. दिवस भरण्याआधीच मुद्दाम प्रसूती घडवून आणणं नैतिक आहे का, आणि त्याचा काही उपयोग आहे का, हा तो प्रश्न. ही हकिकत थॉमस डेन्मन या लंडनच्याच प्रसूतितज्ज्ञांनी पुढे लिहून ठेवली. मुडदुसामुळे ज्यांच्या कमरेची हाडं लहानपणीच वेडीवाकडी झाली होती, अशा बायकांचा हा विषय होता. पूर्ण वाढलेलं बाळ त्या अरुंद वाटेतून बाहेर पडत नसे. सिझेरियन म्हणजे आईचा मृत्यू जवळजवळ ठरलेला, आणि दुसरा मार्ग म्हणजे बाळाचं डोकं फोडून ते बाहेर काढणं. त्यापेक्षा बाळ लहान असतानाच पाण्याची पिशवी फोडून कळा आणल्या तर दोघंही वाचण्याची आशा होती. तज्ज्ञांनी मान्यता दिली, आणि मॅकॉले नावाच्या डॉक्टरांनी तशी पहिली प्रसूती यशस्वी केली. आज आपण बाळ फार दिवस आत राहिलं म्हणून कळा आणतो, तेव्हा ते फार वाढू नये म्हणून आणत.

पुढची दीडशे वर्षं साधनांच्या शोधाची. १८१० च्या सुमारास एडिंबरोचे जेम्स हॅमिल्टन यांनी पिशवी न फोडता बोटाने तिचे पडदे गर्भाशयाच्या तोंडाजवळ सैल करण्याची पद्धत सुचवली. आजही तपासणीच्या टेबलावर ‘स्वीपिंग करून बघू’ म्हणतात ती हीच. मग नळ्या आल्या, रबरी पिशव्या आल्या. अर्गटची कथा मात्र थोडं थांबून ऐकण्यासारखी आहे. राय या धान्यावर वाढणाऱ्या बुरशीपासून केलेली ही पूड अमेरिकेतल्या जॉन स्टर्न्स यांनी १८०८ मध्ये रेंगाळलेल्या बाळंतपणासाठी सुचवली. तिच्या फायद्यांत त्यांनी डॉक्टरचा बराच वेळ वाचतो हेही मोकळेपणाने नोंदवलं. (दोनशे वर्षांनंतरही हा मुद्दा खोलीत हजर असतो, फक्त कोणी बोलून दाखवत नाही.) पूड भलतीच जोरदार होती. कळा येत, पण मध्ये सैल पडतच नसत, आणि बाळाला मिळणारा रक्तपुरवठा तुटे. १८२४ मध्ये न्यूयॉर्कचे डेव्हिड होसॅक यांनी मृत जन्मांकडे बोट दाखवून म्हटलं, हिला प्रसूतीची पूड न म्हणता मृत्यूची पूड म्हणा.

१९०६ मध्ये हेन्री डेल यांना दिसलं की मेंदूच्या तळाशी असणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावतं. काही वर्षांतच तो अर्क सुईने टोचला जाऊ लागला. त्याची ताकद प्रत्येक वेळी वेगळी निघे, आणि एकदा टोचलेला डोस परत घेता येत नसे. गर्भाशय फाटण्याच्या घटना घडल्या. म्हणून १९४८ मध्ये इंग्लंडमधले जेफ्री थिओबाल्ड यांनी तोच अर्क अगदी पातळ करून शिरेतून थेंबथेंब द्यायला सुरुवात केली, हा माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा बदल. कळा जास्त झाल्या की थेंब थांबवता येत होते. १९५३ मध्ये व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी त्यातल्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाची रचना उलगडली आणि तो प्रयोगशाळेत तयार केला. १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. ‘कळांचं सलाईन’ म्हणतात ते हे.

पण गर्भाशयाचं तोंड घट्ट बंद असेल तर नुसत्या सलाईनने काम भागत नाही. १९६४ मध्ये एडवर्ड बिशप यांनी पाच गोष्टींना गुण देण्याची पद्धत मांडली: तोंड किती उघडलंय, किती पातळ झालंय, किती मऊ आहे, कुठे वळलंय आणि बाळाचं डोकं किती खाली आलंय. जास्तीत जास्त १३ गुण. आधी बाळंत झालेल्या स्त्रियांत काही कारण नसताना कळा आणायच्या तर कोणाला आणाव्यात, यासाठी ही गुणपत्रिका होती, आणि त्यांची अट ९ गुणांची होती. आज ती पहिलटकरणींसाठी सर्रास वापरतात, आणि गुण कमी पडले तर ‘थांबा’ असं न म्हणता ‘आधी तोंड मऊ करू’ म्हणतात. कारण १९६८ पासून प्रोस्टाग्लँडिन हे तोंड मऊ करणारं आणि कळा आणणारं औषध हाताशी आलं. त्याचे सुरुवातीचे प्रयोग युगांडातल्या मॅकरेरे विद्यापीठात सुलतान करीम आणि सहकाऱ्यांनी केले. फुगा लावलेली फोली नळी आणि मुळात पोटातल्या अल्सरसाठी आलेली मिसोप्रोस्टॉलची गोळी हे आणखी पर्याय. आधी सिझेरियन झालेल्या बाईला मात्र ती गोळी देत नाहीत, जुना टाका उसवण्याची भीती असते.

आता मोजणीकडे. २८० दिवसांचा हिशोब हायडेलबर्गच्या फ्रान्झ नेगेले यांच्या नावावर आहे: शेवटच्या पाळीच्या तारखेत सात दिवस मिळवा, तीन महिने वजा करा. मूळ कल्पना त्यांच्याही आधीच्या बोअरहावे या डच वैद्याची. या हिशोबात प्रत्येक बाईची पाळी २८ दिवसांची आणि बीज चौदाव्या दिवशी सुटतं असं गृहीत आहे. ३५ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईची ‘तारीख उलटली’ असं कागद सांगतो, तेव्हा गर्भाच्या हिशोबाने तो दिवस कदाचित नुकताच उजाडलेला असतो. दिलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच असतात.

ही तारीख इतकी ढोबळ असताना १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये कळा आणण्याची लाटच आली. १९७४ च्या सुमारास दहापैकी जवळजवळ चार बाळंतपणं अशी होत होती. प्रोस्टाग्लँडिन, यंत्राने सोडलेलं सलाईन, सगळं एकदम उपलब्ध झालं होतं. मग बायकांनीच विचारायला सुरुवात केली की हे आमच्यासाठी चाललंय की कामाच्या वेळेसाठी. कार्डिफमधल्या १९६५ ते १९७३ च्या नोंदी तपासून इयन चामर्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हस्तक्षेप वाढले, पण त्या प्रमाणात बाळं वाचलेली दिसत नाहीत. १९७९ मध्ये उपचारांच्या पुराव्याचा आग्रह धरणारे ब्रिटिश डॉक्टर आर्ची कॉक्रेन यांनी तर पुराव्याकडे दुर्लक्ष करण्यात सगळ्या वैद्यकशाखांत शेवटचा क्रमांक प्रसूतिशास्त्राला दिला. चिडलेल्या प्रसूतितज्ज्ञांपैकीच काहींनी पुढे चाचण्यांचं काम सर्वांत चोख केलं, हे या शाखेच्या बाजूने सांगायला हवं.

दरम्यान ग्लासगोमध्ये इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये पोटातलं बाळ सोनोग्राफीवर दाखवलं होतं. १९७३ मध्ये ह्यू रॉबिन्सन यांनी पहिल्या तीन महिन्यांत बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून दिवस ठरवण्याची रीत दिली. तिने कागदावरच ‘उशीर’ झालेल्या कितीतरी जणींची तारीख पुढे सरकली. आजही निर्णयाच्या बैठकीत विचारण्यासारखा पहिला प्रश्न हाच: तारीख पाळीवरून धरलीय की सुरुवातीच्या सोनोग्राफीवरून? नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरून बदललेल्या तारखेला फारशी किंमत नसते.

दिवस मोजण्यातली ही झाली पहिली चूक. दुसरी होती छेदस्थानी, म्हणजे कशाने भागायचं यात. एखाद्या आठवड्यात किती बाळं मृत जन्मली हे त्या आठवड्यात जन्मलेल्या बाळांशी भागून काढत. पण पोटातल्या मृत्यूचा धोका असतो तो अजून आत असलेल्या सगळ्या बाळांना. १९८७ मध्ये ऑक्सफर्डच्या पॅट्रिशिया युडकिन आणि सहकाऱ्यांनी भागाकार दुरुस्त करायला सांगितलं, आणि दिवस भरल्यानंतर दर आठवड्याला धोका चढत जातो हे स्वच्छ दिसू लागलं. धोका छोटाच आहे. २०१९ मध्ये दीड कोटी गरोदरपणांची माहिती एकत्र केली तेव्हा ४० व्या आठवड्यानंतर ४१ व्यापर्यंत थांबलेल्या साधारण १४४९ जणींमागे एक जास्तीचा मृत जन्म दिसला.

तिसरी चूक सर्वांत चिवट. ‘कळा आणल्या की सिझेरियन होतंच’ हे वाक्य आजही सगळीकडे ऐकू येतं, आणि ते हवेतून आलेलं नाही. जुन्या अभ्यासांत कळा आणलेल्या बायकांची तुलना आपोआप कळा आलेल्या बायकांशी केली जाई, आणि त्यात पहिला गट नेहमी हरत असे. पण आपोआप कळा हा पर्याय कोणी निवडू शकत नाही. आज निवड आहे ती कळा आणणं आणि वाट पाहणं यांत. वाट पाहताना उद्या कळा येतील, किंवा रक्तदाब चढेल, किंवा पाणी जाऊनही कळा येणार नाहीत, किंवा आणखी दहा दिवसांनी आजचाच प्रश्न समोर असेल. १९९२ मध्ये कॅनडातल्या ३४०७ स्त्रियांच्या चाचणीने, कोणी कोणत्या गटात जायचं हे चिठ्ठीवर ठरवून, तुलना अशी सरळ केली, आणि ४१ आठवड्यांनंतर कळा आणलेल्या गटात सिझेरियन कमी निघाली: २१.२ टक्के, थांबलेल्यांत २४.५.

अमेरिकेतली २०१८ ची अराइव्ह चाचणी याच्याही पुढे गेली. धोका नसलेल्या ६१०६ पहिलटकरणी, आठवडा ३९ वा. कळा आणलेल्यांत सिझेरियन १८.६ टक्के, थांबलेल्यांत २२.२, रक्तदाबाचे त्रासही कमी. बाळांच्या गंभीर त्रासांतला फरक मात्र ठोस म्हणावा इतका नव्हता. आणि प्रसूतिकक्षातला मुक्काम १४ तासांऐवजी २० तासांचा झाला, ही गोष्ट ती सोसणाऱ्या बाईला आकडेवारीपेक्षा जास्त जाणवते. आणखी एक तपशील बातम्यांतून निसटला: पात्र असलेल्यांपैकी सुमारे २७ टक्केच सहभागी झाल्या. बाकीच्या बहुतेकींना हा निर्णय चिठ्ठीवर सोडायचा नव्हता.

स्वीडनमध्ये ४१ आणि ४२ आठवड्यांची तुलना करणारी चाचणी २७६० स्त्रियांनंतर मध्येच थांबवावी लागली, कारण थांबलेल्या गटात सहा बाळं दगावली आणि दुसऱ्या गटात एकही नाही. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात (आर्ची कॉक्रेन यांच्याच नावाची संस्था असे चाचण्यांचे एकत्रित आढावे घेते) ३४ चाचण्या मिळून हिशोब निघाला: ५४४ जणींच्या कळा आणल्या तर एक बाळ वाचतं. हा आकडा कोणाला खूप वाटतो, कोणाला किरकोळ, आणि दोघीही गणितात चुकलेल्या नसतात.

प्री-एक्लॅम्प्सिया (गरोदरपणात रक्तदाब धोकादायक वाढण्याचा आजार), वाढ खुंटलेलं बाळ, फुटलेली पिशवी अशा वेळी हा सगळा वाद बराचसा गळून पडतो. सगळं ठीक असताना जागतिक आरोग्य संघटना ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणण्याची शिफारस करते, त्याआधी करत नाही. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०२१ च्या मसुद्यात काही वंशांच्या स्त्रियांना ३९ व्या आठवड्यातच हा पर्याय देण्याचं सुचवलं होतं. त्वचेच्या रंगावरून तारीख कशी ठरवता, असा गदारोळ झाला आणि अंतिम मजकुरातून ते निघालं. राहिला तो ४१ आठवड्यांचा सल्ला, नको म्हणण्याचा अधिकार, आणि नको म्हणणाऱ्यांना सांगायची एक प्रामाणिक ओळ: बाळाच्या ठोक्यांची नोंद आणि सोनोग्राफी आपण करत राहू, पण त्या तपासण्या बाळ त्या घडीला कसं आहे एवढंच सांगतात, पुढचं सांगत नाहीत.