विश्वचषक फुटबॉल पात्रता फेरी (आशिया विभाग)

यजमान देश सोडले तर फुटबॉलच्या विश्वचषकाला प्रत्येकाला आपापल्या खंडातून पात्रता फेरी खेळूनच जावं लागतं. आशियाची फेरी एएफसी म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघ घेतो. हा महासंघच मुळात १९५४ मधे मनिलात जन्मला, त्याआधीचे गट फिफाच पाडायची, म्हणून 'आशियातून विश्वचषकाला पहिलं कोण' हा वाद. १९३४ चं पॅलेस्टाईन धरावं तर ते पात्रता फेरीतच इजिप्तकडून ७-१ आणि ४-१ असं हरलेलं. १९३८ ला डच ईस्ट इंडीज (आजचं इंडोनेशिया) जपानने माघार घेतल्यामुळे न खेळताच पोचलं आणि हंगेरीकडून ६-० खाऊन परत आलं. पहिला मान बहुधा यांनाच द्यावा.

१९५० चं प्रकरण जास्त गुंत्याचं आहे. दहाव्या गटात भारत, बर्मा, फिलिपिन्स (काही याद्यांत इंडोनेशियाही) होते, बाकीच्यांनी अंग काढून घेतलं आणि भारत बॉलला पाय न लावता पात्र ठरला. २२ मे ला रिओत ड्रॉ निघाला, स्वीडन, इटली, पॅराग्वे असा गट आला आणि मग भारतानेच माघार घेतली.

का? क्विझवाले सांगतात तसं 'फिफाने अनवाणी खेळू दिलं नाही' हे कारण फारसं पटत नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते, फ्रान्सकडून २-१ हरले (दोन पेनल्टी घालवल्या, तो विषय वेगळा), गोष्टीचं मूळ बहुधा तिथलंच. पण १९५२ ला हेलसिंकीतही काहीजण बुटाशिवाय उतरलेच की, तिथे युगोस्लाव्हियाने १० गोल ठोकले आणि त्यानंतर आपल्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. म्हणजे १९५० ला बंदी होती म्हणावं तर १९५२ चा मेळ बसत नाही. भारतीय महासंघाने १९५० ला दिलेली कारणं अशी की सरावाला वेळ नाही आणि टीम निवडीवरून मतभेद आहेत. लांबच्या प्रवासाचा खर्चही पुढे करतात, पण त्यातला मोठा वाटा उचलायला ब्राझीलवाले तयार होते असंही सांगितलं जातं. तेव्हाचे भारतीय खेळाडू शैलेन मन्ना यांनी नंतर सांगितलं होतं की तेव्हा ऑलिंपिकच मोठं वाटायचं, विश्वचषकाला कोण विचारतंय. महासंघाची कारणं आणि मन्नांचं म्हणणं एकत्र वाचलं की चित्र बरंच जुळतं.

१९५४ ला भारताची एन्ट्री फिफाने नाकारली. प्रत्यक्ष मैदानात भारत उतरला तो थेट १९८६ च्या पात्रता फेरीत, इंडोनेशिया, थायलंड, बांगलादेशच्या गटात, आणि दुसरा आला.

मधे १९५८ ला अजबच झालं. आशिया-आफ्रिका विभागातल्या इस्रायलशी खेळायला कुणी तयार नाही, आणि एकही मॅच न खेळता आत घ्यायचं नाही असा फिफाचा नियम, मग युरोपातल्या हरलेल्यांतून चिठ्ठी काढून वेल्सला आणलं, ते दोन्ही मॅच २-० ने जिंकून विश्वचषकाला गेले.

सध्याचं स्वरूप सगळ्यांना ठाऊकच आहे. २०२६ साठी ४८ टीम, त्यात आशियाला ८ थेट जागा आणि एक प्लेऑफची. जॉर्डन आणि उझबेकिस्तान यात पहिल्यांदाच पोचले.

भारताच्या खात्यात २००४ ला गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरवर मिळवलेला १-० विजय आहे, पण लोकांच्या लक्षात राहिली ती ११ जून २०२४ ची दोहातली कतारविरुद्धची मॅच. आपल्या छांगतेच्या गोलने भारत पुढे होता, ७३ व्या मिनिटाला फ्री-किकवरचं हेडर आपला गोलकीपर गुरप्रीतने अडवलं, बॉल गोललाइनबाहेर गेला, कतारच्या खेळाडूने तो टाचेने आत ओढला आणि यूसुफ ऐमनने गोल मारला. रेफरीने गोल दिला, या फेरीत व्हीएआर (व्हिडिओ पाहून निर्णय तपासायची सोय) नव्हतंच. मॅच २-१ ने गेली, त्याच दिवशी कुवेतने अफगाणिस्तानला हरवलं आणि भारत गटात तिसरा राहून बाहेर पडला.