भीमगड अरण्य आणि वनभ्रमंती

भीमगड हे बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील सह्याद्रीच्या माथ्यावरचे अरण्य. क्षेत्र सुमारे १९० चौ. किमी. डिसेंबर २०११ मध्ये ते अभयारण्य म्हणून घोषित झाले. नाव आतल्या भीमगड किल्ल्यावरून पडले असून हा किल्ला शिवाजी महाराजांनी बांधला असे मानले जाते. पश्चिमेला गोव्याचे म्हादई अभयारण्य आणि दक्षिणेला दांडेलीचे जंगल लागून असल्याने वाघाला फिरायला सलग रान मिळते.

हा मुलूख पाण्याचा आहे. देगावजवळ उगम पावलेली म्हादई गोव्याकडे उतरते आणि पुढे मांडवी होते. त्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा मात्र पूर्वेला वळून कृष्णेला मिळते. पावसाळ्यात कणकुंबी, आमगाव भागात पाऊस दिवसचे दिवस थांबत नाही. ओढे भरले की पायवाटा बंद होतात, जळवा मोज्यातूनही आत शिरतात. म्हणून रानात फिरायचे ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

येथे गवा, सांबर, भेकर, बिबट्या, कोळसून (रानकुत्रा) आणि शेकरू आहेत. गव्याचे पाय गुडघ्याखाली पांढरे असतात. कारवीच्या गर्दीत आधी नजरेला पडतात ते हेच पांढरे पाय. खरे भय अस्वलाचे. तालुक्यात त्याच्या हल्ल्यात माणसे जखमी झाली आहेत. वाऱ्यामुळे त्याला माणसाची चाहूल लागली नाही, की ते अगदी जवळून अंगावर येते.

या रानाचे सर्वांत मोलाचे धन मात्र अंधारात लटकलेले असते. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ राहते. त्याचे शास्त्रीय वर्णन १९१३ मध्ये झाले आणि त्यानंतर कित्येक दशके साऱ्या जगात त्याचा हा एवढाच ठिकाणा माहीत होता. पुढे ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडले. मोठे कान, गडद तपकिरी अंग आणि मागच्या पायांमधल्या कातडी पडद्याबाहेर सुटलेले शेपूट ही त्याची खूण. गुहेत बॅटरीचा झोत टाकला वा आवाज केला, तर ही वटवाघळे विचलित होतात. हौशी प्रवाशांनी तिकडे फिरकूच नये. अभ्यासकांनीही परवानगीशिवाय जाऊ नये.

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ल्याकडे जाणारा रस्ता रानाच्या उत्तर अंगाने जातो, तर खानापूरहून हेम्माडगामार्गे अनमोडला जाणारा रस्ता रानातूनच निघतो. किल्ला आणि आतल्या वाटांसाठी वनखात्याची परवानगी लागते.

गवाळी, कोंगळा, पास्टोली, कृष्णापूर ही आतली गावे मराठी बोलणारी. अभयारण्याने त्यांच्या रस्त्यावर, विजेवर बंधने आली. पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून न्यावे लागते. काही कुटुंबे बाहेर स्थलांतरित होत आहेत. शहरातून गाडीने आलेल्या पाहुण्याने हे ध्यानात ठेवावे आणि वाटाड्या घ्यायचा तर याच गावांतला घ्यावा: कालची विष्ठा कोणाची, आज गवे कुठे चरत असतील, हे त्यालाच ठाऊक असते.