शॅनन की सिम्पसन? एका मोजणीची दोन उत्तरं

क्वाड्रॅटमधली, म्हणजे मोजणीसाठी आखलेल्या चौकोनातली, रोपं मोजून झाली की तक्त्यात प्रजातींच्या विविधतेचे दोन निर्देशांक शेजारीशेजारी येतात: शॅनन ०.८३, सिम्पसन ०.४६. मग विविधता नेमकी किती? हे दोन आकडे एकमेकांशी ताडून काही हाती लागत नाही, कारण दोघांचे प्रश्नच वेगळे आहेत.

सिम्पसनचा (१९४९) प्रश्न असा: डोळे मिटून दोन रोपं उचलली, तर ती एकाच प्रजातीची निघण्याची शक्यता किती? शॅननचं सूत्र १९४८चं, संदेशवहनाच्या गणितातून आलेलं. पुढचं रोप कोणत्या प्रजातीचं निघेल याची अनिश्चितता ते मोजतं.

समजा १०० रोपं आहेत: अ ७०, ब २०, क ९, ड १. सिम्पसनसाठी प्रत्येक प्रमाणाचा वर्ग करून बेरीज घ्या: ०.४९ + ०.०४ + ०.००८१ + ०.०००१, म्हणजे ०.५३८. यातला नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या अ-चा, ड असून नसल्यासारखी. ही बेरीज १ मधून वजा केली की तक्त्यातला ०.४६ मिळतो. शॅननसाठी प्रमाणाला त्याच्याच नैसर्गिक लॉगरिदमनं गुणा, बेरीज करा, चिन्ह उलटवा: ०.८३४. इथे ड-चे ०.०४६ आहेत.

आता ड-चं ते एकुलतं रोप नजरेतून सुटलं असं धरा. शॅनन ०.७८६ वर येतो, जवळजवळ सहा टक्क्यांची घट. सिम्पसन ०.४६२ वरून ०.४५१, अडीच टक्केही नाही. म्हणून नमुना लहान असला की शॅनन बहुधा कमी भरतो. कुणाचं वर्चस्व आहे एवढंच पाहायचं असेल तर सिम्पसन पुरे. दुर्मीळ प्रजाती महत्त्वाच्या असतील तर शॅनन घ्या, पण मोजणी भरपूर हवी.

गोंधळ बहुधा लिहिण्यात होतो. सिम्पसन तीन रूपांत छापला जातो: नुसती बेरीज, एक वजा बेरीज, एक भागिले बेरीज. पहिल्यात आकडा वाढला की विविधता घटते! शॅननमध्ये लॉगरिदमचा पाया बदलला तर हीच मोजणी २ च्या पायावर १.२० आणि १० च्या पायावर ०.३६ दाखवते. कोणतं रूप, कोणता पाया, हे न लिहिलेला आकडा दुसऱ्याच्या कामाचा नाही.

दोन्ही एका मापात आणायचे असतील तर ‘प्रभावी प्रजातीसंख्या’ काढा, म्हणजे सगळ्या प्रजाती सारख्याच प्रमाणात असत्या तर तेवढ्याच विविधतेला किती प्रजाती लागल्या असत्या: ई चा (नैसर्गिक लॉगरिदमचा पाया, सुमारे २.७१८) शॅननइतका घात २.३०, एक भागिले सिम्पसनची बेरीज १.८६. प्रत्यक्षात प्रजाती चार.