उडणारा रंग आणि बसणारी वाळू

स्पीकरवरून उसळणाऱ्या रंगाचे फोटो पाहून ‘हा आवाजाचा आकार’ असं सर्रास म्हटलं जातं. इथे गल्लत होते. सुरागणिक ठरलेली नक्षी पत्र्यावरच्या वाळूत उमटते. रंगाचे तुरे मात्र तोच सूर पुन्हा वाजवला तरी दर वेळी वेगळे निघतात.

वाळूचा प्रयोग अर्न्स्ट क्लाडनी या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो; 1787 साली त्याने या आकृत्या छापल्या. मधोमध घट्ट बसवलेला पातळ पत्रा काही ठरावीक सुरांनाच जोरात थरथरतो. तेव्हाही काही रेषा स्थिर राहतात आणि कण उड्या मारत तिथे येऊन बसतात. कोरडी वाळू, रवा, जाडसर रांगोळी काहीही चालतं. टाल्कम पावडर मात्र उलटी वागते: हवेच्या बारीक झोतांबरोबर ती जास्त हलणाऱ्या जागीच गोळा होते. याचं कारण 1831 मध्ये मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने सांगितलं. फोटोला घाई नाही. ट्रायपॉड लावा, प्रकाश बाजूने ठेवा. नक्षी जमली की अर्ध्या सेकंदाचं शटरसुद्धा पुरतं.

रंगाचं सगळं क्षणात उरकतं. 6 ते 8 इंची वूफर (खालच्या सुरांचा स्पीकर) उताणा ठेवून त्यावर फुग्याचं रबर डफासारखं ताणून बांधा. रबर सैल राहिलं तर रंग मध्ये डबक्यासारखा साचतो आणि नुसता डुचमळतो. पोस्टर कलर पाण्याने ताकाइतका पातळ करा, प्रत्येक रंगाचा चमचाभर शेजारी शेजारी ओता. दाट रंगाचे फक्त उंचवटे येतात, फार पातळ झाला की शिंतोडे. सूर 40 ते 80 हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं), दोन-तीन सेकंद. 50 हर्ट्झला रबराचा पडदा मधल्या जागेपासून 2 मिलिमीटर वर आणि तेवढाच खाली हलला तर रंगाला गुरुत्वाकर्षणाच्या 20 पट धक्का बसतो. 500 हर्ट्झला तेवढाच धक्का 0.02 मिलिमीटरमध्ये येतो, पण तेवढ्या हालचालीने रंग उसळत नाही. आवाज फाटू लागला की लगेच कमी करा, नाहीतर स्पीकरमधली तारेची कॉइल जळते.

फसगत जास्त होते ती कॅमेऱ्यात. 10 सेंटिमीटर उडणारा थेंब सुटताना सेकंदाला 1.4 मीटर वेगाने जातो. 1/1000 सेकंदात तो 1.4 मिलिमीटर सरकतो. क्लोज-अपमध्ये एवढ्याने त्याची कड पुसट होते. म्हणून क्षण पकडायचा तो शटरने नाही, फ्लॅशने. खोली अंधारी करा, शटर 1/200 सेकंद, लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) एफ/16, कॅमेऱ्यावर लावायचा साधा फ्लॅश 1/32 ताकदीवर. इतक्या कमी ताकदीला तो साधारण 1/10,000 सेकंद किंवा त्याहून कमी वेळ चमकतो. पूर्ण ताकदीला चमक लांबते आणि फोटो हलतो. उजेड कमी पडला तर ताकद वाढवू नका, फ्लॅश जवळ आणा किंवा दुसरा जोडा. हाय-स्पीड सिंक (वेगवान शटरबरोबर फ्लॅश वापरायची सोय) बंदच ठेवा: त्यात फ्लॅश सलग चमकत राहतो, आणि गोठवण्याचं काम परत शटरवर येतं.

फोकससाठी रबराच्या मध्यावर पेन्सिल उभी धरा, फोकस जुळवा, मॅन्युअलवर टाका. लेन्ससमोर काच हवीच. तीन-चार झटक्यांत रंग एकमेकांत मिसळून चिखल होतो. तेव्हा रबर पुसून नव्याने ओता; वरून ताजा रंग घालून काही साधत नाही.