थीसिससाठी सर्व्हेचा हेल्थ डेटा मागवताय? आधी हे वाचा

मिरज, सांगली, कराडकडं पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) किंवा नर्सिंगचं पीजी करणाऱ्यांना कळकळीनं सांगतो, अर्ज भरायच्या आधी त्या सर्व्हेची प्रश्नावली वाचा. बहुतेकजण गाईडकडनं विषय फायनल करून घेतात आणि मग डेटा शोधत बसतात, तिथंच सगळं अडतं.

आता बघा, सांगली जिल्ह्यातल्या घरगुती हिंसाचारावर काम करायचंय, एनएफएचएस-५ मध्ये (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी) ते प्रश्न आहेत, पण ते साधारण १५ टक्के घरांतच विचारलेत, त्यामुळं आकडा राज्याचा निघतो, जिल्ह्याचा नाही. शुगरचं पण तसंच, चौथ्या फेरीत बायका १५ ते ४९ आणि पुरुष १५ ते ५४ वयाचे, पाचव्यात १५ च्या पुढचे सगळे, म्हणजे तुलना करायची तर वयोगट सारखा करूनच घ्यावा लागतो, आणि ती रँडम शुगर आहे, उपाशीपोटीची नाही. अजून एक, महाराष्ट्रात पाचव्या फेरीचं फील्डवर्क जून ते डिसेंबर २०१९ ला झालं, मधेच ऑगस्टचा महापूर. लहान मुलांच्या जुलाबाचा प्रश्न मागच्या दोन आठवड्यांचा असतो, तेव्हा मुलाखतीचा महिना बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका.

वयस्कर लोकांवर काम असेल तर लासी (वयस्करांच्या तब्येतीचा देशभरचा सर्व्हे), २०१७-१८ चा, ४५ च्या पुढचे, पण तोही राज्यपातळीवरचाच. दवाखान्याच्या खर्चासाठी एनएसएसची (राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण) ७५ वी फेरी, ती सांख्यिकी मंत्रालयाच्या साइटवर रजिस्टर केलं की फुकट मिळते.

अर्ज तसा सोपा आहे. नाव, कॉलेज, शक्यतो कॉलेजचा मेल आयडी, अभ्यासाचं शीर्षक, कशासाठी पाहिजे ते दोन परिच्छेदांत, कुठल्या फाइल्स पाहिजेत, आणि अटी मान्य असल्याची सही. लासीचा अर्ज मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यास संस्थेकडं जातो. उद्देश मोघम लिहू नका, कुठला प्रश्न, कुठला वयोगट ते स्पष्ट लिहा.

डेटात नावं नसली तरी एथिक्स कमिटीकडं (संशोधनाला नैतिक परवानगी देणारी समिती) जायचंच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या गाइडलाइन्सप्रमाणं अशा कामाला रिव्ह्यूतून सूट मिळू शकते, पण ती द्यायची का नाही ते कमिटी ठरवते, आपण नाही. ते पत्र थीसिसला जोडा. आणि डेटा मिळाला की पेन ड्राइव्हवरनं मित्राला देऊ नका, त्याला त्याचा अर्ज करू दे, माणूस ओळखायचा प्रयत्न तर अजिबातच नाही.

फाइल उघडल्यावर पहिल्यांदा साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या एनएफएचएस फॅक्टशीटमधला (जिल्ह्याच्या मुख्य आकड्यांचं पत्रक) एक आकडा स्वतः काढून बघा. जुळला नाही तर वेट (नमुन्यातल्या प्रत्येकाला दिलेला भार) लावलंय का ते तपासा.