लाकूडतोडीनंतरची घरटी

ओरांगउटान मोजायचे तर ते दिसायची वाट बघून भागत नाही. एकेकटे राहणारे, उंच फांद्यांत वावरणारे हे वानर दिवसभर रान तुडवूनही दिसतीलच असं नाही. म्हणून संशोधक त्यांची घरटी मोजतात. मोठा ओरांगउटान बहुतेक रोज संध्याकाळी नवं घरटं बांधतो. जाड फांद्या वाकवायच्या, अर्धवट मोडून एकमेकींत अडकवायच्या, वर पानांची गादी. जंगलात सरळ वाट आखून दोन्ही बाजूंची घरटी टिपतात आणि एक घरटं साधारण किती दिवस टिकतं त्यावरून प्राण्यांची संख्या काढतात.

या हिशेबात एक मेख आहे. बोर्निओ बेटावर, इंडोनेशियाच्या मध्य कालीमंतान प्रांतात सबांगाऊचं दलदलीचं जंगल आहे. १९९८ साली सुहार्तोंची सत्ता गेली आणि नंतरच्या बेबंदशाहीत तिथे चोरटी लाकूडतोड फोफावली. करवती चालू झाल्या तिथले ओरांगउटान शेजारच्या शाबूत जंगलात सरकले. तेवढाच तुकडा मोजला तर वाटावं, वा, संख्या वाढतेय की! पण फळं तेवढीच आणि खाणारी तोंडं जास्त. अशी गर्दी टिकत नाही, आणि एकूण आकडा आधीपेक्षा खाली येतो.

ओंडके बाहेर काढायला रस्ते नव्हते, म्हणून तोडणाऱ्यांनी अरुंद चर खणून लाकूड पाण्यावरून वाहून नेलं. इथली जमीन म्हणजे पीट, हजारो वर्षं साचलेला अर्धवट कुजलेला पालापाचोळा. चरांतून पाणी निथळलं की तो वाळतो, आणि पेटला की आग जमिनीखाली कित्येक आठवडे धुमसत राहते. २०१५ साली या भागात तेच झालं. तोडणारे निघून गेले तरी चर वाहतच राहतात. ते बुजवायला स्थानिक लोक जागोजागी बांध घालतात, आणि माझ्या मते झाडं लावण्याआधीचं खरं काम हेच.

मात्र मोजकीच झाडं काढलेल्या जंगलात ओरांगउटान तग धरू शकतात. बोर्निओच्याच मलेशियाकडल्या सबाह राज्यात, किनाबातांगान नदीकाठी ते तसे राहतात. वरची वाट तुटली तर बोर्निओतले ओरांगउटान जमिनीवरून चालतात. (सुमात्रात खाली वाघ असतो, तिथे हे धाडस विरळा.)

खरा घाव बसतो तो माणसाच्या हातून. १९९९ ते २०१५ या काळात बोर्निओने एक लाखाहून अधिक ओरांगउटान गमावले, असा २०१८ सालचा अंदाज आहे. जंगल साफ झालं तिथे घट सर्वात वेगाने झाली, पण संख्येने जास्त प्राणी गेले ते जंगल उभं असलेल्या भागांतून. त्यामागे शिकार आणि पिकांवरून होणारा संघर्ष ही मोठी कारणं मानली जातात. मादीच्या दोन बाळंतपणांत सात-आठ वर्षांचं अंतर असतं, त्यामुळे वर्षाला शेकडा एक मारला गेला तरी कळप नव्हे, अख्खी वस्ती उताराला लागू शकते. पिल्लू पकडून विकायचं तर आधी आईला मारावं लागतं, कारण ती त्याला सोडत नाही. उपग्रहाच्या चित्रात यातलं काहीच उमटत नाही. तिथे जंगल हिरवंच दिसतं.